सोमवारी दुकान बंद, तरी 41,300 ची विक्री

फसवणुकीत एकूण 72,480 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात मी आठ दिवस ‘पन्नासेक हजार’ असंच म्हणत होतो.

कोल्हापुरात माझं इलेक्ट्रिकल मालाचं होलसेल दुकान आहे. बावीस वर्षं टॅलीवर हिशेब ठेवतोय, म्हणजे अगदीच अडाणी नाही. पण रोजची विक्री, पडून राहिलेला माल, कोणाची उधारी किती दिवसांची, हे सगळं मोबाईलवर एका पानात दिसावं ही जुनी हौस. असं पान, म्हणजे डॅशबोर्ड, बनवून देतो म्हणणारा एक जण व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनच आला, ‘काका, काका’ करत. त्याचं कोटेशन 85,000. पैकी 34,000 आगाऊ घेतले, डेमो दाखवून 25,500.

डेमोत सगळं झकास. कुणाचाही डेमो झकासच असतो. तुमचं कालचं एक बिल काढा, नंबर सांगा आणि म्हणा, हे यात शोधून दाखव. मी तसं म्हटलंच नाही.

आणि मग तो सोमवार. आमचं दुकान सोमवारी बंद असतं. दुपारी जेवून सहज मोबाईल उघडला, तर आजची विक्री 41,300! शटरची किल्ली माझ्या खिशात. फोन केला तर म्हणाला, ‘काका, शनिवारच्या एन्ट्र्या सिंक होताहेत.’ ते सिंक का काय ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणायची लाज वाटली. शिवाय आमचा पोरगा बिलं उशिरा चढवतो हे खरंच आहे, म्हणून पटलंही. खरं सांगायचं तर तो हिरवा बाण वर जाताना बघून बरं वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी ‘सर्व्हर आणि लायसन्स’चे 11,000 अधिक 18 टक्के जीएसटी, असे 12,980 मी स्वतःच्या हाताने पाठवले.

त्या बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर 29 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा 27, कर्नाटकाचा 29, हे मला झोपेत विचारा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला, पण पैसे गेल्यावर. नोंदणी रद्द, नाव भलत्याचंच.

शेवटी उघडकीला आणलं पुतणीने. खर्च भरायला म्हणून त्याने एक गूगल शीट दिली होती. तिने त्यातलं लपवलेलं पान उघडलं. विक्रीच्या प्रत्येक चौकटीत रँडबिटवीन, म्हणजे दोन आकड्यांच्या मधला कुठलाही आकडा फेकणारं सूत्र. टॅलीशी काहीच जोडलेलं नव्हतं. तीन आठवडे मी चहाबरोबर लॉटरी बघत होतो! त्यावर विसंबून पंख्यांची ऑर्डर वाढवली, तो माल अजून माळ्यावर आहे. तो तोटा वरच्या रकमेत धरलेला नाही. आणि ज्यावर हे पान बनवलं ते लुकर स्टुडिओ फुकट मिळतं. लायसन्स कसलं डोंबलाचं?

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, 1930 वर फोन केला. पहिला पैसा जाऊन महिना उलटला होता. तक्रार नोंदवली, पुढे शांतता. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेबांनी मोबाईल हातात घेतला, पान वरखाली सरकवलं आणि म्हणाले, ‘दिसतंय की चालू! काम दिलंय त्याने, हा दिवाणी मामला.’ सूत्र दाखवलं तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे आधी ठाण्यातून अर्ज आणा. चार चकरा, दोनदा साहेब बंदोबस्ताला. फसवणुकीचं चारशेवीसचं कलम नव्या न्याय संहितेत 318 झालं, बाकी सगळं तसंच. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा, ‘ग्राहक’ ठरायलाच भांडावं लागेल. म्हणजे व्यापाऱ्याने फसायचं, वर कर भरायचा आणि तक्रारीला दारोदार फिरायचं.

एक गोष्ट पुतणीलाही अजून सांगितलेली नाही. ‘जोडणी’साठी मी त्याला एनीडेस्कवर, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या अ‍ॅपवर, दोन तास आमच्या कॉम्प्युटरवर सोडलं होतं. टॅलीत सगळ्या पार्ट्यांचे फोन, दर, उधाऱ्या. तसं कुणाला बसू देऊ नका, समोर बसला असला तरी. डॅशबोर्डचं खातं आपल्याच ईमेलवर उघडून घ्या. यूपीआयवर नाव वेगळं आलं तर थांबा. मला एका बाईचं नाव दिसलं होतं, मी म्हटलं बायकोचं असेल.

त्याचा फोन बंद आहे. पान मात्र अजून उघडतं. या सोमवारी 38,640 ची विक्री झाली.