ओट्यावर बसून पाहिलेली जत्रा: अमळनेरच्या एका गल्लीतल्या दोन लोटगाड्यांचं परीक्षण

वैशाख लागला की खान्देशातल्या अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि त्यांच्या मागेपुढे पाळणे, रसवंत्या, भांड्यांची नि खेळण्यांची दुकानं. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं करोनामुळे पात्र सुनंच राहिलं. दुसऱ्या वर्षी, २६ मे २०२१ च्या पौर्णिमेला, गावातल्या १४ घरांच्या एका गल्लीनं आपल्यापुरती जत्रा केली. गल्ली एका टोकाला बंद, रुंदी जेमतेम २० फूट, लहानथोर मिळून ५८ माणसं. जमावबंदी होती, त्यामुळे दुकानं मांडून लोकांना भोवती गोळा करायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी जत्राच फिरती केली. माणसं आपापल्या ओट्यावर बसली आणि दोन लोटगाड्या दारोदार गेल्या, एक खाण्याची, एक खेळांची. गाडीला लावलेल्या पुठ्ठ्यावर, जत्रा दारातच येतेय अशा अर्थाचं, अहिराणीत लिहिलं होतं: 'ओटावरच बसा, जत्रा दारमा ई ऱ्हायनी.'

ही कल्पना आम्हाला मनापासून आवडली. गर्दी टाळून जत्रा करायची म्हटलं की लोक अंतराचे गोल आखतात, दोऱ्या बांधतात, आणि पोरं पाच मिनिटांत त्या ओलांडतात. इथे हलणारी माणसं दोनच, दोघांच्या तोंडाला मास्क, बाकी सगळे घरच्याच माणसांत. म्हातारीला खाटेवरून उठावं लागलं नाही आणि तान्ह्या बाळालाही जत्रा दिसली. साथ नसतानाही कुठल्याही उन्हाळ्यात करावी अशी ही रीत आहे, म्हणून तिच्यातलं काय जमलं नि काय फसलं ते नीट सांगतो.

आधी वेळेचं. सुरुवात पावणेसातला ठरली होती, ते योग्य. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांचे ओटे तोवर तव्यासारखे तापलेले असतात. साडेसहाला रस्त्यावर पाण्याचा सडा मारला, त्यानं धूळ बसली आणि जरा गारवाही आला. हिशेब घरामागे १० मिनिटं, म्हणजे १४ घरांची २ तास २० मिनिटं. खाण्याची गाडी त्यात बसली. खेळांची गाडी मात्र घरामागे १५ मिनिटं घेऊ लागली, कारण पोरं 'अजून एकदा' म्हणतात आणि नाही म्हणवत नाही. त्यात दोन्ही गाड्या समोरासमोरच्या टोकांहून निघाल्या होत्या. मधोमध गाठ पडली, कडेला मोटरसायकली लावलेल्या, एकीला मागे घ्यावं लागलं. दोन्ही गाड्या एकाच टोकाहून, २० मिनिटांच्या अंतरानं सोडा, मोटरसायकली दुपारीच आत घ्या, आणि लहान पोरांची घरं आधी धरा. शेवटच्या दोन घरांतली चिमुरडी गाडी पोचेपर्यंत झोपली होती, ते पाहून वाईट वाटलं.

आता पॉट आइसक्रीम. सगळ्या जत्रेत सरस तेच. लाकडी बादली, आत पत्र्याचं पाच लिटरचं भांडं, वर दातेरी चाक आणि हँडल. प्रमाण असं: तीन लिटर म्हशीचं दूध आटवून दोन लिटर, त्यात ४०० ग्रॅम साखर, आणि केसर आंब्याचा अर्धा किलो घट्ट रस. अशा दोन खेपा केल्या, त्यात सगळ्या ५८ जणांना वाटीभर पुरलं. साखर गरम दुधात चाखताना जरा जास्तच वाटली पाहिजे, कारण गारठ्यानं जिभेला गोडी कमी कळते. रस दूध पूर्ण गार झाल्यावरच घालायचा. कोमट दुधात घातला तर आंब्याच्या आंबटपणानं दूध फाटतं आणि आइसक्रीममध्ये कण लागतात. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही. फिरवताना आत हवा शिरते, मिश्रण फुगतं, आणि तोंडोतोंड भरलेल्या भांड्यातून ते झाकणाबाहेर येतं.

बर्फ आणि मिठावर सगळा खेळ असतो. वितळता बर्फ शून्य अंशावर थांबतो, पण साखरेचं दूध गोठायला त्याहून जास्त थंडी लागते. बर्फात मीठ पडलं की बर्फ वितळतानाच आणखी गार होतो, पार उणे दहाच्या खाली उतरतो. एका खेपेला १२ किलो बर्फ आणि ३ किलो खडे मीठ, म्हणजे चारास एक. बर्फ लिंबाएवढा फोडायचा. मोठे ढेकळं टाकले तर भांड्याभोवती पोकळी राहते. चार बोटं बर्फ, वर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे थर द्यायचे. बारीक मीठ वापरू नका, ते लगेच विरघळून तळाशी जातं. पहिली दहा मिनिटं सावकाश फिरवायचं, मग हात जड होऊ लागला की जोरात. २५ ते ३० मिनिटांनी हँडल एका हातानं फिरेनासं झालं की थांबायचं.

पहिल्या खेपेत एक चूक झाली आणि ती सगळीकडेच होते. बादलीला कडेला वर एक भोक असतं, खारं पाणी वाहून जायला. ते बर्फाच्या तुकड्यानं बुजलं. पाणी चढत झाकणाशी आलं आणि थोडं आत उतरलं. वरचा थर खारट लागला, दोन डावभर आइसक्रीम काढून टाकावं लागलं. दर पाच मिनिटांनी त्या भोकात काडी घालून बघायची आणि झाकण उघडण्याआधी त्याच्या कडा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या, एवढंच करायचं असतं. बादलीभोवती ओलं बारदान गुंडाळलं होतं, ते उत्तम. वैशाखातल्या आपल्या हवेत त्याच्याशिवाय बर्फ दीडपट लागला असता.

वाढण्याची पद्धतही नीट विचार केलेली. ज्याची त्याची वाटी, ज्याचा त्याचा चमचा. वाट्या ओट्याच्या कडेला मांडून घरच्यांनी दोन पावलं मागे व्हायचं, वाढणाऱ्यानं उंचावरून डावानं सोडायचं, वाटीला हात लावायचा नाही. कागदी कप नाहीत, त्यामुळे सकाळी गल्लीत कचराही नाही.

त्याच गाडीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होत्या. हा पदार्थ निवडला याबद्दल गल्लीचं कौतुक. वाळवणाचे दिवस, प्रत्येक घरात ज्वारीच्या बिबड्या नुकत्याच गच्चीवरून उतरलेल्या, विकत काही आणायचं नाही. निखाऱ्यावर भाजलेली बिबडी, सोबत कच्चा कांदा, भाजलेले शेंगदाणे, तिखटावर सोडलेलं तेल. पण कोळशाची शेगडी आइसक्रीमच्या बादलीपासून हातभर अंतरावर ठेवली होती. धग बादलीला लागली आणि दुसऱ्या खेपेचं आइसक्रीम शेवटच्या चार घरांपर्यंत सैल झालं. शेगडी वेगळी हवी, किंवा बिबड्या घरोघरी भाजून घ्याव्यात. भाजायच्या त्या निखाऱ्यावरच. गॅसच्या जाळावर कडा जळतात आणि मध्य कच्चा राहतो.

बर्फाचा गोळा ठीक होता. घरच्या फ्रीजमधला बर्फ बाहेर काढून दहा मिनिटं ठेवल्याशिवाय किसू नका, नाहीतर त्याचा कोरडा भुगा होतो आणि सरबत धरत नाही.

खेळांच्या गाडीवर रिंगा होत्या, आणि त्या ठिबक सिंचनाच्या नळीच्या. आपल्या भागात ज्याच्या घरी शेती त्याच्या मागच्या खोलीत जुन्या लॅटरलचं, म्हणजे याच नळीचं, वेटोळं असतंच. १६ मिलिमीटरची नळी, ६० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकं जॉइनरनं जोडली की आतून साधारण साडेसतरा सेंटिमीटरची रिंग होते. नळी गार असताना वाकवली तर मोडते आणि तिथे कायमची घडी पडते. पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवून वाकवा. नुसती नळी हलकी, वस्तूवर पडून उसळते. जोडण्याआधी आत कोरडी रेती भरली की ती बसते. त्यासाठी ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकायची छिद्रं, नसलेला कोरा तुकडा घ्यायचा, नाहीतर छिद्रांतून रेती गळत राहते. गल्लीनं घरामागे तीन रिंगा केल्या, प्रत्येक घराची चिकटपट्टी वेगळ्या रंगाची, म्हणजे एकाची रिंग दुसऱ्याच्या हातात जाणार नाही. आठ वर्षांखालच्यांना सहा फुटांवरून, बाकीच्यांना नऊ फुटांवरून. अंतर खडूनं आखलं होतं, ते सड्याच्या पाण्यानं पुसलं गेलं. चुन्यानं आखा.

डबे पाडायचा खेळ वाऱ्यानं बिघडवला. रिकाम्या डब्यांचा तीन-दोन-एक असा मनोरा चेंडू लागण्याआधीच कोसळायचा. खालच्या तीन डब्यांत दोन-दोन मुठी रेती टाकल्यावर तो उभा राहिला. जत्रेतले काही दुकानदार खालचे डबे पडूच नयेत म्हणून जड करतात, तेवढी रेती मात्र घालू नका. चेंडू चिंध्यांचा होता, कुणाला लागला नाही आणि जाताजाता साबणाच्या पाण्यात धुता आला.

या गाडीवरची खरी शोभा म्हणजे आकाशपाळणा. सायकलचं २६ इंची चाक, टायर काढलेलं, लोखंडी घोडीवर उभं बसवलेलं. रिमला आठ ठिकाणी तार ओवून काड्यापेटीच्या मोठ्या खोक्यांचे आठ पाळणे टांगलेले, प्रत्येकाला उरलेल्या ब्लाउजपीसची झालर. प्रत्येक पाळण्यात कागदात बांधलेला एक शेंगदाण्याचा लाडू. गाडीवाला चाक फिरवतो, ते हळूहळू थांबतं, आणि जो पाळणा खाली येईल त्यातला लाडू त्या पोराचा. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. तार घट्ट पिळली तर पाळणा रिमसोबत उलटा होतो आणि लाडू रस्त्यावर पडतो, म्हणून तारेचा आकडा सैल ठेवावा लागतो. इथे तो अगदी बरोबर जमला होता. गडबड वेगळीच झाली. एक लाडू काढला की चाकाचा तोल जातो, जड बाजू आपोआप खाली येते, आणि मग तेच दोन-तीन पाळणे पुन्हा पुन्हा समोर. रिकामा झालेला पाळणा लगेच भरला की तोल राहतो. म्हणजे पिशवीत लाडवांचा साठा हवा, आठावर भागत नाही. शिवाय सायकलचाच एक ब्रेक रबर घोडीला बसवला तर हवं तिथे थांबवताही येईल. एखादं पोर रडायला लागलं तर लागतंच ते.

गाडीबाहेर एकच गोष्ट होती, झोका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १४ मेला, गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाला बांधलेला, तो पौर्णिमेपर्यंत ठेवला. फांदी जिवंत, सात इंच जाडीची, निंबाची, हे सगळं योग्य. शेवग्याच्या फांदीला कधीच बांधू नका, ती न करकरता एकदम तुटते. दोर सुती, १८ मिलिमीटरचा. सगळ्या खर्चात हा दोरच महाग, पण नायलॉनची गाठ सरकते आणि काथ्या हाताला बोचतो. फांदीवर बारदानाची चौपदरी घडी, म्हणजे साल सोलत नाही आणि दोर घासत नाही. फळी दोन फूट लांब, एक इंच जाड. दोर भोकांतून गाठ मारून सोडला नव्हता, फळीच्या खालून फिरवून घेतला होता. फळी चिरली तरी बसलेला माणूस दोरावर तोलला जातो. बांधणाऱ्याला काम कळत होतं.

झोक्यावर एका वेळी एकाच घरची माणसं, दहा मिनिटं. त्यानंतर मात्र दर वेळी दोरावर ब्लीचिंगचं पाणी फवारलं, तेवढं करायला नको होतं. क्लोरिननं सुती धागा कुजतो, आणि झोक्याचा दोर आतून कुजलेला वरून दिसत नाही. त्यापेक्षा बसण्याआधी नि उतरल्यावर हात धुणं पुरे. त्याची सोय तर शेजारीच होती: पाच लिटरचा कॅन काठीला टांगलेला, तोंडाला बांधलेली सुतळी खाली पायपट्टीला, पायानं दाबलं की कॅन कलतो आणि धार लागते. भोक तापल्या खिळ्यानं, झाकणाच्या चार बोटं खाली पाडायचं. तळाशी पाडलं तर कॅन सरळ असतानाही पाणी गळून अर्ध्या तासात संपतं.

लाउडस्पीकर नव्हता. बायांनी आखाजीची गाणी म्हटली, एक ओळ या बाजूच्या ओट्यांनी, दुसरी समोरच्यांनी, मधे २० फुटांचा रस्ता आणि वर पौर्णिमेचा चंद्र. दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, नसत्या तरी चाललं असतं.

वर्गणी घरटी २०० रुपये, आधीच जमा केलेली, त्या दिवशी पैशांची देवघेव नाही. २८०० रुपयांत एवढं मिळतं, यात दोर, नळ्या आणि चाक पुढच्या वर्षीही कामाला येतात. फक्त दोर दरवर्षी उन्हात पिळून, आतले पेड उलगडून तपासा.

आवरताना एक चूक टाळा. बादलीतलं खारं पाणी जवळ होतं म्हणून निंबाच्या बुंध्याशी ओतलं गेलं. सहा किलो मीठ एका झाडाच्या मुळाशी गेलं. ते गटारीत सोडायचं, आणि चुकून ओतलंच तर त्याच रात्री आळ्यात दहा-बारा बादल्या साधं पाणी सोडायचं. पॉटचं दातेरी चाकही त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, खोबरेल लावून ठेवा. मीठ राहिलं तर पुढच्या वैशाखात ते फिरायचं नाही.