मागं ओढायचा खत स्प्रेडर : दोन हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यानं त्यानं पहिलं हेच विचारायचं की खालची भोकं उघडायची दांडी कितीवर ठेवली म्हणजे एकरी किती पडतंय. खरं सांगू का, ह्याला उत्तरच नाही, आणि मशीनसोबत जो छापील तक्ता मिळालाय तो घडी करून ठेवून द्या. दांडीवरचे १ ते १० आकडे फक्त खुणा हायत, कालचं भोक आज परत तेवढंच उघडावं एवढ्यासाठी. जिप्समला ४ वर जेवढं पडतंय तेवढं दाणेदार सुपर फॉस्फेटला पडत नाही, अन चाळलेल्या शेणखताचा तर हिशोबच निराळा.

आधी मशीनबद्दल. ८ फूट रुंद लोखंडी पेटी, खाली भोकांची पट्टी, तिच्यावर दांडीनं सरकणारी दुसरी पट्टी, मधून पात्याचा शाफ्ट जो चाकावरच्या चेननं फिरतो. पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनवर फिरणारा मागचा शाफ्ट) लागत नाही, मिनी ट्रॅक्टरच्या मागं पिनेनं जोडायचं अन ओढायचं. फेकणाऱ्या गोल चकतीच्या मशीनसारखं हे उडवत नाही, सरळ खाली सोडतंय, त्यामुळं वारं सुटलं तरी भुकटी शेजाऱ्याच्या रानात जात नाही. किंमत लिहीत नाही, लोखंडाच्या भावावर रोज बदलायली.

आमचं रान परभणी जिल्ह्यातलं, काळं भारी, अन खालच्या अंगाला चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेली जमीन. मी घेतलं ते मुख्य जिप्समसाठी. सोयाबीनला हेक्टरी २० किलो गंधक द्या म्हणतात, ते सुपर फॉस्फेटमधून पण जातंय कारण त्यात ११ टक्के गंधक असतंय, पण चोपणाला जिप्समच लागतंय. अन गडी हातानं फोकताना बांधाजवळ मूठ मोठी, मधे बारीक, शेवटी पोतं उरलं की एकाच जागी ढीग, हे सगळ्यांच्याच रानात होतंय.

आता मेन गोष्ट, माप बसवणं. एकराचा हिशोब करत बसू नका, गुंठ्याचा करा. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. पेटी ८ फुटी असंल तर १३६ फूट चाललं की एक गुंठा झाला. तुमची पेटी ६ फुटी असंल तर १८१ फूट. तेवढ्या अंतरात जेवढं पडलं ते गुणिले ४०, झालं एकराचं. एकरी २०० किलो जिप्सम टाकायचंय तर गुंठ्याला ५ किलो पडलं पाहिजे.

पण पडलेलं गोळा कसं करायचं? लोक म्हणतात जॅक लावून चाक हातानं फिरवा अन खाली ताडपत्री टाका. ते करून बघितलं, अंदाज येतोय पण रानात तसं पडत नाही. मी ८ इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून त्याची पन्हळ केली, दोन्ही तोंडं बंद केली अन पेटीखाली तारेनं टांगली. पेटी अर्धी भरायची, रानातच १३६ फुटांवर दोन खुंट्या ठोकायच्या, खुंटीपाशी दांडी उघडायची, दुसऱ्या खुंटीला बंद, पन्हळीतलं घमेल्यात घेऊन काट्यावर. मला ४ वर ६.३ किलो भरलं, म्हणजे एकरी २५२. दांडी थोडी मागं घेत घेत वजन ५ किलोच्या जवळ आणलं. पन्हळीच्या मधोमध पुठ्ठा लावला की डावं उजवं वेगळं मोजता येतंय, हे जरूर करा. माझ्या मशीनला डावीकडं बरंच कमी पडायलं होतं. सरकती पट्टी त्या अंगाला जराशी वाकलेली निघाली, वेल्डिंगवाल्यानं सरळ करून दिली. नवीन मशीन हाय म्हणून बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, घासून घासून बसंल. असं काही बसत नसतंय.

आणि हे रानातच का? कडक रस्त्यावर चाक जेवढं पुढं जातंय तेवढं वखरलेल्या भुसभुशीत रानात जात नाही, रुततंय, कधी घसरतंय, तेवढ्यानं शाफ्टच्या फेऱ्या बदलतात. चाकाला फडकं बांधून फेऱ्या मोजल्या तर फरक लगेच दिसंल. टायरात हवा कमी झाली तरी तेच.

वेगाचं पण सांगतो कारण इथं लई जण फसायलेत. चाकावरच फिरतंय ना, मग पळवलं तरी तेवढंच पडंल, असं वाटतंय. तसं नाही. शाफ्ट जोरात फिरला तरी भोकातून माल खाली यायला जो वेळ लागतोय तो लागतोच, म्हणून पळवलं की एकरी कमी पडतंय. १३६ फूट ३० सेकंदात गेलात तर ताशी ५ किलोमीटर, मी तेवढंच ठेवतो. ज्या गिअरला माप घेतलं त्याच गिअरला सगळं रान.

चाकं पेटीच्या बाहेर हायत, हे परतीच्या तासाला लक्षात ठेवायचं. मागच्या चाकोरीवरच चाक घातलं की मधे फूटभर पट्टा कोरा राहतो. चाक चाकोरीच्या एक फूट आत घ्यायचं. जिप्समला सोपं जातंय, काळ्या रानावर पांढरं स्पष्ट दिसतंय. शेणखतात काही दिसत नाही, तिथं खुंट्या रोवूनच. आणि धुऱ्यावर वळताना आधी दांडी बंद, वळून सरळ झालं की उघडायची. माझ्यात चेन एकाच चाकावर हाय, त्या अंगाला वळलं की चाक जागीच थांबतंय अन भोकं उघडी असली की तिथं ढीग. छोट्या तुकड्यात, जिथं दर दोन मिनिटाला वळावं लागतंय, तिथं मजा नाही.

ओल म्हणजे ह्या मशीनचा दुश्मन. जूनमधी आभाळ आलं की जिप्समचे गठुळे होतात, पेटीत कमान धरते, वर भरलेलं दिसतंय अन खाली काहीच पडत नाही. युरिया तर रात्रभर पेटीत ठेवूच नका, सकाळी दगड. पेटीवर चाळणी बसवून घेतली तेव्हापासून शाफ्टचा तुटणारा बोल्ट कमी तुटायला लागला. तो बोल्ट मुद्दाम नरम असतो, त्याच्या जागी कडक घालू नका, मग चेन जाईल नाहीतर पातं वाकंल. अडकलं तर ट्रॅक्टर बंद करून लाकडानं टोकरायचं, हात नाही घालायचा.

डीएपी मात्र ह्यातून टाकत नाही. आपल्या रानात चुनखडी जास्त, वरवर पसरलं की त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून बसतंय, ते बियाखाली पेरूनच द्यावं लागतंय, त्याला पेरणी यंत्र हाय. डीएपीसाठी म्हणून हे घेणार असाल तर पैसे जागेवर ठेवा.

काम झालं की धुवून उन्हात वाळवतो अन पट्टीला, चेनला जुनं ऑईल मारतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्यानं नेलं, न धुता परत दिलं, आठ दिवसात सरकती पट्टी गंजून अशी धरली की हातोड्याशिवाय हलंना. आता कोणी मागितलं तर पन्हळ, काटा अन ऑईलचा डबा बरोबरच देतो.