नव्या औषधाची ट्रायल की गोळी-बँडची?

लिव्हर सिरॉसिस आहे, दुर्बिणीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्यात, रक्ताची उलटी अजून झालेली नाही, आणि मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांनी ‘ट्रायलमध्ये येता का?’ असं विचारलंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. (आपल्या खान्देशात लिव्हरचं नाव काढलं की पहिला प्रश्न ‘भाऊ, पेत व्हता का?’ असाच येतो. माझं दुखणं शुगर आणि चरबीतून आलं. असो.)

ढोबळमानाने दोन जातीच्या ट्रायल समोर येतात. एकीत नवं औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांची तुलना असते. दुसरीत दोन्हीकडे ओळखीचेच उपचार असतात, एका गटाला कार्व्हेडिलोल, म्हणजे शिरांतला दाब उतरवणारी गोळी, आणि दुसऱ्याला बँड, म्हणजे दुर्बिणीतून फुगलेल्या शिरेवर बसवायचं रबरी कडं. मी पहिलीच्या निवड-तपासण्या करून घेतल्या, मग तिथून निघालो आणि दुसरीत गेलो.

प्लासिबोला लोक उगाच घाबरतात असं मला वाटतं. नेहमीचे उपचार सहसा चालूच ठेवतात, फक्त गोळीचा डोस मध्येच बदलायला मनाई असते. ट्रायलमुळे इजा झाली तर मिळायच्या भरपाईच्या बाबतीत तर पहिल्या जातीचं पारडं थोडं जडच आहे, कारण नव्या औषधाच्या ट्रायलसाठी २०१९ चे नियम कडक आहेत. तरी संमतीपत्रातलं ते कलम घरी आणून सावकाश वाचा. मराठी प्रत मागितली की मिळते.

माझं मन उडालं ते यकृताच्या शिरांतला दाब मोजण्याच्या तपासणीवरून. मानेतल्या शिरेतून नळी घालून ती यकृताच्या शिरेपर्यंत नेतात आणि टोकाशी फुगा फुगवून दाब घेतात. ५ मिमीपर्यंत (पाऱ्याच्या) ठीक, १० पासून काळजी, १२ च्या पुढे शीर फुटण्याचा धोका. तपासणी फारशी दुखत नाही. पण जळगावहून रात्रीची गाडी, जागरण, वर उपाशी पोट, आणि एवढं झाल्यावर ‘किती आला?’ विचारलं तर उत्तर काय, ‘तुम्ही ट्रायलमध्ये बसता.’ आकडा नाहीच. सहा महिन्यांनी पुन्हा नळी घालणार, तेव्हाचाही आकडा ट्रायल संपेपर्यंत बंद पाकिटात. मान माझी, दाब माझा, आणि फाइलमध्ये मला दाखवण्यासारखं काही नाही!

त्यामागचं कारण मला कळतं. आकडा उतरलेला दिसला की औषध कुणाला मिळतंय ते उघड होतं, आणि अशा ट्रायलमध्ये बहुधा तो आकडाच निकाल असतो. एम्रिकासान नावाच्या औषधाची परीक्षा अशीच झाली. २६३ जणांत २४ आठवड्यांनी दाबात प्लासिबोपेक्षा ठळक फरक निघाला नाही. उलट स्पेनमधल्या २०१९ च्या ट्रायलने बीटा-ब्लॉकर (कार्व्हेडिलोल याच जातीची गोळी) घेणारे आणि प्लासिबो घेणारे अशा २०१ जणांत, पोटात पाणी होणं किंवा रक्तस्राव अशी गुंतागुंत किंवा मृत्यू किती जणांच्या वाट्याला आला ते मोजलं. गोळीवाल्यांत १६ टक्के, प्लासिबोवाल्यांत २७. असं मोजमाप पेशंटलाही समजतं. त्यांच्या शिरा अजून मोठ्या झालेल्या नव्हत्या, एवढं मात्र लक्षात ठेवा.

गोळी-बँडच्या ट्रायलमध्ये लपवाछपवीला जागाच नाही. बँड मारला की घसाच सांगतो. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, पण ठरल्यावर तुम्हाला कळतं, आणि दुर्बिणीचा फोटो त्याच दिवशी हातात पडतो.

माझ्या वाट्याला गोळी आली. ६.२५ मिलिग्रॅमने सुरुवात, सोसली तर १२.५, आणि वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. मे महिन्यात केळीच्या बागेत वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ४४-४५ अंशांत हे सोपं नाही. मी बागेतली कामं सकाळीच उरकायला लागलो आणि बीपी मोजायचं मशीन घरी आणलं. बँडच्या गटातले अमळनेरकडचे एक काका मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी मुंबईला जायचे, आणि परतल्यावर काही दिवस त्यांची कळण्याची भाकरी बंद, नुसता दूधभात. बँडने ती शीर बंद होते, आतला दाब कमी होत नाही. गोळी दाबावरच काम करते. २००९ च्या स्कॉटलंडमधल्या तुलनेत १५२ जणांपैकी बँडवाल्यांत २३ टक्के आणि कार्व्हेडिलोलवाल्यांत १० टक्के लोकांना रक्तस्राव झाला. मृत्यूंत मात्र फरक नव्हता, आणि नंतरच्या एका अभ्यासात दोन्ही उपचार जवळपास सारखेच निघाले. म्हणून बँड वाट्याला आला तरी फसवणूक झाली असं मानू नये.

दमा असेल तर ही गोळी चालत नाही, मग दुसऱ्या जातीची ट्रायल तुमच्यासाठी नाही. गोळी आणि बँड दोन्ही करूनही रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नव्या औषधाची किंवा टिप्सची (यकृतात जाळीची नळी बसवून दाब उतरवायचा उपाय) चौकशी जरूर करा, माझ्या पाकिटाच्या रागाला तिथे काही किंमत नाही. आणि ठाण्या-कल्याणला कुणी भाऊबंद असेल, रात्रीच्या गाडीचा त्रास वाचत असेल, तर पहिल्या जातीचा विचार करायला हरकत नाही. फक्त सही करण्याआधी तिथल्या कोऑर्डिनेटरला विचारून ठेवा, माझे कुठले रिपोर्ट मला दाखवणार आणि कधी.