कंपनीने परत घेतलेली स्पोर्ट्स कार: स्वस्त, पण कागद आधी वाचा

कॅलिफोर्नियात वारंवार दुरुस्त करूनही दोष न गेल्याने कायद्यानुसार कंपनीने परत घेतलेली गाडी लपून राहत नाही. मालकीच्या कागदावर ‘लेमन लॉ बायबॅक’ (सदोष गाडीच्या कायद्याखाली परत घेतलेली) असा शिक्का असतो आणि डाव्या दाराच्या चौकटीवर स्टिकर. मूळ तक्रारीच्या दोषावर नव्या ग्राहकाला एक वर्षाची वॉरंटीही मिळते. त्या एकाच दोषावर, हे नीट लक्षात घ्या.

सौदा चांगला की वाईट, हे परतीच्या कारणावर ठरतं. स्क्रीन बंद पडणं किंवा टपातून पाणी झिरपणं असेल तर मी बिनधास्त घेईन. पण इंजिन ऑइल पिणं, ड्युअल क्लच (दोन क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्सचे झटके किंवा अधूनमधून होणारा विजेचा बिघाड असेल, तर किंमत कितीही उतरली तरी नको. असा बिघाड वर्कशॉपमध्ये सहसा दिसत नाही, म्हणूनच तर गाडी परत जाते.

सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी मागा. ‘दोष आढळला नाही’ हा शेरा पुन्हापुन्हा दिसला, तर दोष अजून गाडीतच आहे असं समजा. रात्रभर थंड राहिलेलं इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसले, तर बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते; शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. पोर्शेसारख्या गाडीत ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंदही काढून घ्या.

शिक्का कायमचा. विकतानाही भाव कमीच येईल.