चाळिशीनंतर एम.ए.: रोजचं कॉलेज की मुक्त विद्यापीठ?

नाशिकमध्ये नोकरी सांभाळून एम.ए. करायचं ठरवलं की बहुतेकांसमोर दोन पर्याय येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेलं शहरातलं एखादं कॉलेज, नाहीतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. फी, पात्रता, विषयांची यादी तुम्ही पाहिली असेलच, त्यात मी शिरत नाही. मी दोन्हीकडे शिकलोय. आधी कॉलेजात एक सेमिस्टर, मग ते सोडून मुक्त विद्यापीठात. विषय मराठी, वय तेव्हा ४४, नोकरी अंबडला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजने जास्त दमवलं. माझ्या पदवीवर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ आहे, कारण नाव बदललं २०१४ मध्ये आणि मी पास झालो २००२ ला. मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं. त्यात ‘सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही’ असं वाक्य होतं. त्याच वर्षांत मी मायक्रोमीटर धरण्यापासून ऑडिटला उत्तरं देण्यापर्यंत सगळं शिकलो होतो. त्या वाक्याखाली सही करताना वाईट वाटलं, ते अजून आठवतं.

पण वर्गात बसलो आणि ते सगळं विसरलो, हेही सांगायला हवं. एका तासाला कवितेत ‘नाडा’ हा शब्द आला आणि शहरातली मुलं हसायला लागली. निफाडकडचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मोटेला बांधतात तो जाड दोर. आजोबांच्या विहिरीवर होता आमच्या.” मग मोट कशी चाले, बैल मागे कसे सरत, दोर कुठे झिजे, यावर उरलेला अख्खा तास गेला. असा तास पुस्तकातून मिळत नाही. मुक्त विद्यापीठात मला तो पुन्हा मिळाला नाही, आणि ही उणीव छोटी नाही.

तरी मी कॉलेज सोडलं ते एकाच कारणाने. तास होईल की नाही हे तिथे पोहोचेपर्यंत कळत नसे.

दोनच्या तासासाठी मी हाफ डे टाकायचो. दीडच्या आधी गेटपास, मग त्रिमूर्ती चौक, मायको सर्कल करत कॉलेज रोड. जिना चढून जावं तर वर्गाला कुलूप. शिपाई सांगायचे, “काका, आज सर नाहीयेत.” मुलांना त्याचं काही वाटत नसे. ती कट्ट्यावर बसत, त्यांचा दिवस तसाही कॉलेजातच जायचा. माझी अर्धी रजा मात्र गेलेली असायची. मी डायरीत लिहीत होतो: त्या सेमिस्टरला १७ हाफ डे टाकले, त्यातल्या ९ दिवशी एकही तास झाला नाही. बरं, हजेरी ७५ टक्के हवीच. एकदा अंतर्गत परीक्षेचा मेसेज रात्री साडेनऊला आला, परीक्षा दुसऱ्या दिवशी अकराला. साहेबांना रात्री फोन करून रजा मागितली. त्यांनी दिली, पण पुढचे दोन दिवस त्यांच्यासमोर जायला संकोच वाटत होता.

प्राध्यापकांना मी दोष देत नाही. आमचे दोन सर तासिका तत्त्वावर होते, एकाच दिवशी दोन कॉलेजांत शिकवायचे. त्यात पेपर तपासणी, निवडणुकीची कामं. हे सगळं समजत होतं, पण त्याने माझी रजा परत मिळत नव्हती. इतर कॉलेजांत कदाचित बरं असेल. माझा अनुभव एकाच ठिकाणचा आहे.

मुक्त विद्यापीठात तासच मोजके, त्यामुळे हुकण्याचा प्रश्नही कमी. माझ्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं रविवारी असायची, तारखा आधी कळायच्या. १९८९ साली हे विद्यापीठ ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन सुरू झालं, आणि माझ्या घरी ती पहाटे पाच ते साडेसहा या वेळेत आली. तिथली पुस्तकं एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत. शंका अडली तर समंत्रक, म्हणजे केंद्रावर शिकवणारे शिक्षक, भेटेपर्यंत थांबावं लागतं, कधी पंधरा दिवस. त्यावर मी उपाय काढला सार्वजनिक वाचनालयाचा. १८४० पासूनची ही संस्था गावात असताना कॉलेजच्या ग्रंथालयावाचून माझं फारसं अडलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिथे गेलो की निम्म्या शंका सुटायच्या.

संपर्कसत्रात माझ्या बाकावर एक अंगणवाडी सेविका आणि एक एसटीचे वाहक बसायचे. तिथे मला कुणी काका म्हटलं नाही. सगळेच कुठूनतरी वेळ काढून आलेले.

‘मुक्तची पदवी चालते का?’ हे मला अजून विचारतात. मान्यता असलेल्या दूरस्थ आणि मुक्त पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तरी तुम्हाला पुढे प्राध्यापकीकडे वळायचं असेल, त्यासाठीच्या सेट-नेट या पात्रता परीक्षा डोक्यात असतील आणि दिवसा मोकळीक असेल, तर कॉलेजचं वातावरण नक्की उपयोगी पडेल. ज्यांची रजा मोजून मिळते, त्यांना मात्र मी मुक्त विद्यापीठच सुचवेन.

तरीही मन कॉलेजकडे ओढत असेल, तर पैसे भरण्याआधी एक हाफ डे खर्च करा. एखाद्या साध्या बुधवारी न सांगता जा, फलकावरचं वेळापत्रक बघा आणि त्या वर्गाबाहेर उभे राहा. तास वेळेवर सुरू झाला, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून खुशाल प्रवेश घ्या.