बॅकिंग गायन: रॉक बँडचा दौरा की स्टुडिओ?

मुख्य गायकाच्या मागे उभं राहून हार्मनी, म्हणजे त्याच्या सुरांना जुळणारे वरचे-खालचे सूर, धरायची, एवढंच काम दोन्हीकडे दिसतं. फरक असा, की दौऱ्यावर तीच वीस-पंचवीस गाणी रोज दमलेल्या गळ्याने म्हणायची असतात, तर स्टुडिओत कधी न ऐकलेलं गाणं तासाभरात बसवून मोकळं व्हायचं असतं. एकीकडे टिकाऊपणा विकला जातो, दुसरीकडे वेग. आवाजाचा पोत दोन्हीकडे लागतो, पण निवड त्यावरून करू नये.

दौऱ्यावर गळा बसतो तो बऱ्याचदा उंच सुरांमुळे नाही, तर स्वतःचा आवाज ऐकू न आल्यामुळे. ड्रम्स आणि गिटार अँप पाठीशी धडधडत असले की माणूस नकळत जोर लावतो. याला लोंबार परिणाम म्हणतात, आणि तो नुसत्या इच्छाशक्तीने थांबत नाही. उपाय साउंडचेकलाच, म्हणजे शोआधीच्या ध्वनिचाचणीतच, करायचा. इन-इअरमध्ये (स्टेजवरचा आवाज ऐकवणाऱ्या, कानात घालायच्या इअरफोनमध्ये) आधी स्वतःचा आवाज, त्याच्या किंचित खाली मुख्य गायक, मग सुरासाठी कीबोर्ड किंवा ऱ्हिदम गिटार आणि तालापुरता स्नेअर ड्रम. बेस कमीच ठेवा. त्यावरून सूर पकडायला गेलं की फसगत होते. प्रेक्षक ऐकू यावेत म्हणून एक कान मोकळा ठेवायची सवय सर्रास दिसते. ती वाईट. एकाच कानाने ऐकताना आवाज कमी वाटतो, म्हणून व्हॉल्यूम वाढवला जातो, आणि उघडा कान स्टेजचा मारा सोसत राहतो. त्यापेक्षा प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माइकचा थोडा आवाज मिक्समध्ये मागून घ्या.

तयारीत रेकॉर्डवर विसंबू नका. दौऱ्यासाठी बरेच बँड गाणी अर्धा सूर खाली घेतात. मग खालची हार्मनी म्हणणाऱ्याचा तळच हाताला लागत नाही. आधी लाइव्ह पट्टी विचारा, मगच पाठ करा. हार्मनीतल्या आपल्या सुरांच्या ओळीसोबत वरची आणि खालचीही बसवा, कारण तिघांतला कोणी आजारी पडला की ओळी आयत्या वेळी फिरतात. शब्दाच्या शेवटचे ‘स’ आणि ‘ट’ मुख्य गायकाला सोडायचे. तिघांनी ते पुढेमागे म्हटले की सभागृहभर फुसफुस ऐकू येते. टॅम्बोरिन, कीबोर्ड किंवा अकूस्टिक गिटार येत असेल तर पारडं चांगलंच जड होतं. बसमध्ये जागा मोजून असते आणि नुसत्या हार्मनीसाठी ध्वनिमुद्रित ट्रॅक स्वस्त पडतो, हे कटू असलं तरी खरं आहे.

शो संपल्यावर गोंगाटात ओरडून मारलेल्या गप्पा गाण्यापेक्षा जास्त महागात पडतात. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या खाऊन गाणं धोक्याचं, कारण दुखणं लपतं, सूज तशीच राहते. ॲस्पिरिनने स्वरतंतूंत रक्तस्रावाची शक्यता वाढते. सूज आणि शो एकाच दिवशी आले तर आधी डॉक्टर गाठा.

स्टुडिओत गळ्याला आराम, पण चूक लपायला जागा नाही. तीन ओळी, प्रत्येक चारदा, म्हणजे बारा ट्रॅक. श्वास आणि शेवटची अक्षरं जुळली नाहीत तर सगळं पसरट वाटतं. माइकपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर उभं राहा. हेडफोनचा एक कान काढलात तर क्लिक (तालासाठी हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) माइकमध्ये शिरते. घरून फाइल पाठवताना प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून, रिव्हर्बशिवाय (घुमाऱ्याचा इफेक्ट न लावता), समोरच्याने सांगितलेल्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्या दराला) द्यायचा.

पैशाचं गणितही वेगळं. दौऱ्यावर आठवड्याचं किंवा शोचं मानधन, वर दैनिक भत्ता. होकार देण्याआधी तालमीचे, सुट्टीच्या दिवसाचे आणि रद्द झालेल्या शोचे पैसे मिळणार का, आणि चित्रित शो विकला गेला तर काय, हे लेखी घ्या. दौरा संपला की उत्पन्नही थांबतं. स्टुडिओत तासाचा किंवा गाण्याचा दर. बहुधा एकरकमी देऊन हक्क घेतले जातात. गायिका क्लेअर टोरी हिने पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ च्या अल्बमसाठी शब्दांविना गायलेल्या तानांचे तिला ३० पौंड मिळाले होते. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. तेव्हा सत्रात स्वतः काही सुचवून गाणार असाल तर श्रेयाची बोलणी माइक सुरू होण्याआधी करा. दुसऱ्या टोकाला बॅकिंग गायिका लिसा फिशर आहे: ती रोलिंग स्टोन्स या रॉक बँडबरोबर १९८९ ते २०१५ दौरे करत राहिली. अशी दीर्घ सोबत विरळाच, तिच्या भरवशावर भाडं ठरवू नका.

निर्णयाआधी दोन चाचण्या घ्या. सलग चार दिवस उभ्याने दीड तास पूर्ण जोराने गा आणि पाचव्या सकाळी अगदी हळू आवाजात उंच सूर लावून पाहा. तो उशिरा लागला किंवा फाटला तर स्वरतंतूंना सूज असू शकते. सध्या दौरा घेऊ नका. मग अनोळखी गाणं घेऊन तासाभरात हार्मनीच्या तीन ओळी प्रत्येकी दोनदा रेकॉर्ड करा, मुख्य आवाज बंद करून ऐका. शब्दांचे शेवट विस्कटलेले ऐकू आले तर स्टुडिओवाले दुसऱ्यांदा बोलावणार नाहीत.