‘कोपऱ्यापर्यंत शार्प’ म्हणजे नक्की किती? ३५ मिमी एफ/१.८ लेन्स, काही महिने वापरल्यावर

खोक्यावर ‘कोपऱ्यापर्यंत शार्प’ छापलंय आणि आधाराला एमटीएफचा (लेन्स बारीक तपशील किती स्पष्ट उतरवते, त्याच्या मोजमापाचा) आलेख दिलाय. आलेख खोटा नाही. पण खालच्या बारीक अक्षरांतली टीप सांगते की आकडे डिझाइनवरून गणिताने काढलेले आहेत. हातात आलेल्या नगाची त्यात हमी नाही. आतला एखादा एलिमेंट (काचेचं भिंग) जरासा तिरका बसला की एक कोपरा गेलाच. शिवाय आडव्या अक्षावर मध्यापासूनचं अंतर असतं: फुलफ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) २१.६ मिमीपर्यंत बघायचं, एपीएस-सी बॉडीला (लहान सेन्सरच्या)  साधारण १४ पर्यंतच.

कोपरे तपासायला भिंतीचा फोटो काढू नका. कॅमेरा किंचित तिरका राहिला तरी एक बाजू सॉफ्ट येते आणि दोष लेन्सच्या माथी बसतो. त्यापेक्षा लांबची एखादी दुकानाची पाटी धरा. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/१.८, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. पाटी मध्यभागी ठेवून, स्क्रीनवर मोठी करून फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका आणि तीच पाटी एकेका कोपऱ्यात आणा. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील तर ती डिझाइनची मर्यादा. कोपऱ्यात नव्याने फोकस केल्यावर सुधारले तर फील्ड कर्व्हेचर, म्हणजे फोकसचं प्रतल सपाट नसून वक्र असणं. एकच कोपरा बिघडलेला दिसला तर नग बदलून घ्या. इंदूरच्या उन्हाळ्यात हे सकाळी लवकर उरका. दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि कुठल्याही लेन्समधून अक्षरं फुटलेलीच दिसतात.

आमच्या पहिल्या नगाचा वरचा उजवा कोपरा एफ/२.८ पर्यंत सॉफ्ट होता. एफ/५.६ ला हा दोष झाकला जातो, म्हणून भर उजेडात काढलेल्या नमुना फोटोंवर जाऊ नका. बदली नग चारही कोपऱ्यांत सारखा आहे.

‘शून्य डिस्टॉर्शन’ (सरळ रेषा वाकत नाहीत) हा दावा मात्र अजिबात पटत नाही. इंदूरच्या राजवाड्याचा दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, जेपीईजीत सरळ दिसतो. त्याच फोटोची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल (लेन्सचे दोष सुधारणारी सेटिंग) न लावता उघडा: मजल्यांच्या रेषा बाहेर फुगलेल्या. म्हणजे रेषा सरळ करतं ते सॉफ्टवेअर, आणि त्यात कोपऱ्यातला तपशील ताणला जातो. पैसे काचेचे घेता, तर हे खोक्यावर लिहायलाच हवं.

मध्यभाग एफ/१.८ पासूनच अप्रतिम. रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूवर (तळलेल्या कंदावर) भुरभुरलेल्या मसाल्याचा कण न् कण दिसतो. पण त्याच फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या दिव्यांना कोमामुळे (कडेचे प्रकाशबिंदू पसरवणाऱ्या लेन्सच्या दोषामुळे) पंख फुटतात, एफ/२.८ ला ते बरेच आवरतात, एफ/४ ला जातात. तिथे एफ/२.८ ठेवून आयएसओ १६०० चा ४००० करा, शटर तेवढाच राहतो.